मॅडमना फोन द्या

बँकेतून फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून तो स्पीकरवर टाकला. पलीकडचा मुलगा विशीतला असावा, नम्र आणि जरा दमलेला. मी पत्ता बदलण्याचा अर्ज दिला होता, त्याची खातरजमा करायची होती. त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "मॅडम आहेत का, सर?" मी म्हणाले, "बोला, मीच बोलतेय." तो जरा थांबला. "सर, मला खातेदाराशीच बोलावं लागेल." मी पुन्हा सांगितलं. जन्मतारीख सांगितली, आईचं नाव सांगितलं. "सर, ही माहिती घरात कुणालाही असते," तो म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. बायकोच्या खात्याचे व्यवहार परस्पर उरकणारे नवरे त्याला रोज भेटत असणार. "मॅडमना द्या ना फोन, एकच मिनिट." मग मी हनुवटी थोडी उचलली, आवाज छातीतून काढून नाकाच्या शेंड्यापाशी आणला, शब्द सैल सोडले आणि वाक्याचं शेपूट वर वळवलं. "हॅलो, हां, बोला ना. मीच बोलतेय." "हां मॅडम, गुड आफ्टरनून," तो म्हणाला. फोन ओट्यावरून हललासुद्धा नव्हता. पुढचं काम दोन मिनिटांत झालं.

पोळ्या लाटताना मला आधी हसू आलं, मग ते गेलं. जन्मतारीख खरी होती ती चालली नाही, आवाज खोटा होता तो चालला. त्याहून खुपलं ते असं, की तो आवाज माझ्याकडे तयार होता. कधी सराव केला नव्हता, तरी एका श्वासात बाहेर आला, अगदी बेतशीर. कुठून उचलला असेल? पाहुण्यांना "अजून एक घ्या ना" म्हणणाऱ्या आईकडून, दूरदर्शनच्या निवेदिकांकडून, हॉस्टेलच्या जिन्यात कुणाशी तरी तासन्‌तास कुजबुजणाऱ्या मैत्रिणींकडून. बाईचा आवाज कसा ऐकू यायला हवा, हे त्या मुलाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघं एकाच शाळेत कान तयार करून आलो होतो.

माझा आवाज असा जाड आहे तो वयात आल्यापासूनचा. शाळेच्या समूहगानात बाई पेटीवर काळी चार धरायच्या आणि मी त्या सुराखाली कुठेतरी चाचपडत राहायचे. शेवटी त्यांनी मला मुलांच्या रांगेच्या टोकाला उभं केलं. अपमान वाटला का? वाटला असावा, पण त्या रांगेत मला पहिल्यांदा गाणं नीट म्हणता आलं, हेही आठवतं. पुढं स्थळं बघायला लागल्यावर एका मुलाच्या आईनं फोन केला आणि मध्यस्थांना नंतर सांगितलं, "मुलीच्या भावाशी बोलणं झालं, चांगला वाटला मुलगा." मला भाऊ नाही. घरात ही गोष्ट अजून सांगतात आणि दर वेळी नव्यानं हसतात. मीही हसते.

खरं तर मराठीत बोलणाऱ्याला लपायला जागाच नाही. "जाते", "आले", "थांबले होते": क्रियापद उच्चारलं की कळलं. फोनवर मी दर वाक्याला माझं बाईपण जाहीर करत असते. त्या बँकेच्या मुलानं "बोलतेय" ऐकलं नसेल असं नाही. पण कानानं निकाल आधीच दिलेला असतो, व्याकरणाचा अर्ज मागाहून येतो आणि फेटाळला जातो. माझ्या बाबतीत तर व्याकरणानंही पूर्वी साथ दिलेली नाही. मी कोल्हापूरची. आमच्याकडं बाया "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो बाजारला" असंच बोलतात, आणि त्यात कुणाला काही वावगं ऐकू येत नाही. पुण्यात हॉस्टेलला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात रात्री उशिरा दार ठोठावून "उघड की गं, मी आलो" म्हणाले. आत दोघी किंचाळल्या. वॉर्डनबाई टॉर्च घेऊन धावत आल्या. महिन्याभरात मी "आले" म्हणायला शिकले. गावी गेलं की "आलो" होतं, घाट उतरताना कुठंतरी बदल होतो. पण एक सांगायला हवं, कोल्हापुरात हाच जाड आवाज घेऊन, हेच पुल्लिंगी क्रियापद वापरून फिरले, तरी मंडईत मला कुणी "दादा" म्हटलेलं आठवत नाही. तिथल्या कानाला अशा बायकांची सवय आहे.

फोनचं गणित मुळातच गमतीचं आहे. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 ते 150 वेळा कंप पावतात, बाईचे 180 ते 250 वेळा. जुन्या टेलिफोनच्या तारेतून 300 हर्ट्झच्या खालचं आणि 3400 च्या वरचं काही जवळपास जातच नसे. म्हणजे ज्या मूळ सुरावरून आपण "हा पुरुष, ही बाई" ठरवतो असं आपल्याला वाटतं, तो सूर ना पुरुषाचा पोचत होता ना बाईचा. पोचायचे ते फक्त त्याच्या वरचे स्वर, आणि त्यांच्यामधल्या अंतरावरून मेंदू तळाचा सूर स्वतःच भरून काढायचा. आपल्या आजीआजोबांनी आयुष्यभर ट्रंक कॉलवर जे एकमेकांचे आवाज ऐकले, त्यांचा तळ त्यांनी स्वतःच्या डोक्यात रचलेला होता. आताच्या मोबाईलवर आवाजाची पट्टी बरीच रुंद झाली आहे. कानाची रचायची सवय मात्र गेलेली नाही.

आणि सूर म्हणजे सगळं नव्हेच. घशापासून ओठांपर्यंतची नळी पुरुषात लांब असते, बाईत आखूड, त्यामुळे एकाच पट्टीत म्हटलेला "आ"सुद्धा वेगळ्या रंगाचा येतो. त्याउपर वाक्याचे चढउतार, शब्द सोडायची पद्धत, श्वास. वयात येण्याआधी मुलामुलींचे घसे जवळजवळ सारखे असतात, तरी आवाजावरून मुलगा की मुलगी हे ऐकणारे बऱ्याचदा बरोबर ओळखतात. म्हणजे सहासात वर्षांचं पोर घसा बदलायच्या कितीतरी आधी आपल्या बाजूची बोली उचलून बसलेलं असतं. उलट म्हातारपणी बाईचा आवाज खाली उतरतो, पुरुषाचा बारीक होत वर सरकतो, आणि पन्नास वर्षं एकत्र काढलेलं जोडपं आवाजानं एकमेकांच्या जवळ येतं. आमचे आजोबा आणि आजी दोघंही गेल्या पिढीतल्या सवयीनं फोनवर ओरडत. शेवटच्या काही वर्षांत कोण ओरडतंय हे मजकुरावरूनच कळायचं. आजोबा पावसाचं विचारत, आजी जेवणाचं.

2019 मध्ये कोपनहेगनमधल्या मंडळींनी मशीनसाठी एक आवाज तयार केला होता, 'क्यू' नावाचा. ना बाईचा, ना पुरुषाचा. त्यासाठी त्यांनी 145 ते 175 हर्ट्झ हा मधला पट्टा धरला. तो मी कानाला इयरफोन लावून ऐकला आणि जाणवलं की माझा कान एका शब्दाला इकडे, दुसऱ्याला तिकडे असा हेलपाटे घालतोय, मधे बसायला तयारच नाही. जी सुटका मला त्या बँकेच्या मुलाकडून हवी होती, ती माझा कान एका यंत्रालाही देईना.

आता जरा उलटं. जाड आवाजाचे फायदे मी भरपूर घेतले आहेत. प्लंबर, सोसायटीचा कंत्राटदार, गाडीच्या गॅरेजवाला यांना फोन करायचा तो मी. "सर" म्हटलं तर मी दुरुस्त करत नाही. "हो, उद्या सकाळी नऊला या" एवढंच म्हणते, क्रियापदात स्वतःला येऊच देत नाही, आणि माणूस नऊला येतो. दार मी उघडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघण्यात एक चावट आनंद आहे. मग तो "सर नाहीत का?" विचारतो आणि भाव पुन्हा नव्यानं सुरू होतो. कधीकधी वाटतं, हे काही बरं नव्हे. आपला हक्क म्हणून जे मिळायला हवं ते उसन्या मिशीवर मिळवतोय. पण गळका नळ हा फार तातडीचा विषय आहे.

आबा, म्हणजे माझे आजोबा, यांनी तरुणपणी बालगंधर्वांना स्टेजवर पाहिलं होतं. तोवर नारायणराव पन्नाशी ओलांडून गेले होते, अंग सुटलं होतं, तरी ते 'एकच प्याला' नाटकातली सिंधू करत. आमच्या घरी त्यांच्या नाट्यपदांच्या कॅसेट होत्या. लहानपणी मी ऐकून म्हणाले, "हा तर बाप्याचा आवाज आहे." आबा म्हणाले, "बाप्याचाच. आम्हाला काय ठाऊक नव्हतं होय?" मी विचारलं, मग तुम्हाला बाई कशी ऐकू यायची? त्यांनी बराच वेळ तपकिरीची डबी फिरवली. "ऐकू यायची नाही, आम्ही ऐकायचो," असं काहीतरी म्हणाले. तेव्हा ते उडवाउडवीचं वाटलं. आता वाटतं, त्यात सगळं आलं. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांचा मिळून जो 'संयुक्त मानापमान' हा प्रयोग झाला, त्यात नायक धैर्यधर केशवराव भोसल्यांचा आणि नायिका भामिनी बालगंधर्वांची. दोघंही पुरुष, दोघांनीही बायकांच्या भूमिका गाजवलेल्या, आणि केशवरावांचा आवाज तर चढा, तडफदार म्हणून नावाजलेला. नुसत्या पट्टीवर न्याय करायचा तर त्या रात्री कोण कुणाची नायिका, असा प्रश्न पडायला हरकत नव्हती. कुणाला पडला नाही. प्रेक्षकांनी तिकीट काढतानाच कान सैल केलेला होता.

याच मुलखात, याच काळात, गाण्याच्या किराणा घराण्यात जे चाललं होतं ते मला त्याहून मोहवतं. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार, रेशमाच्या दोऱ्यासारखा. त्यांची रेकॉर्ड मी न सांगता लावली तर आजचा एखादा पोरगा सहज विचारेल, ही बाई कोण? त्यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व. हे नाटकात बायकांच्या भूमिका करत. वयात येताना त्यांचा आवाज फुटला, राठ झाला, आणि तो पुन्हा वळवायला अतोनात मेहनत करावी लागली. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका 'गांधारी' या नावानं निघाल्या होत्या आणि त्यातला आवाज चांगला उंच, मुलीचा आहे. मग टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला तो उतरलाच. जो पुढं जगानं ऐकला तो हा दुसरा: रुंद, खडा, देवळाच्या गाभाऱ्यात घुमावा तसा. आवाज गेला म्हणून कुणी गाणं सोडलं असतं. त्यांनी ख्याल त्या आवाजात नव्यानं बसवला. बाई होऊन गाणारा गुरू आणि पुरुषासारखा आवाज लागलेली शिष्या समोरासमोर तालमीला बसत असतील, तेव्हा त्या खोलीत बायकी काय आणि पुरुषी काय याची चर्चा झाली असेल असं मला वाटत नाही. षड्ज लागला की नाही एवढाच प्रश्न असणार. माझी आई मला समजावताना नेहमी गंगूबाईंचं नाव घ्यायची. फक्त मला गाता येत नव्हतं.

मुलींचं एकवेळ निभतं. माझ्या मामेभावाचं उलटं झालं. मिसरूड फुटलं, उंची वाढली, पण आवाज होता तिथंच राहिला, बारीक आणि चिरका. कॉलेजात त्यानं वर्गात हजेरीला "येस सर" म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. "बायल्या" हा शब्द रोजचा. त्याला मारही खावा लागला, हे घरी फार उशिरा कळलं. मला आवाजावरून हसले, त्याला आवाजावरून बडवलं. जाड आवाजाची मुलगी म्हणजे गंमत आणि बारीक आवाजाचा मुलगा म्हणजे काहीतरी घसरण, असा हिशेब आपल्याकडं कुणी लिहून ठेवलेला नाही, पण चुकवतही कुणी नाही. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी तपासलं तर घसा पूर्ण वाढलेला, निरोगी. फक्त तो वाढलेला घसा वापरण्याची सवय लागली नव्हती. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्याच्या गळ्यावरचा उंचवटा बोटांनी हलकेच खाली दाबला, खोकायला लावलं, त्याच खोकल्याला "आ" जोडायला सांगितलं. आणि एक भलताच जाडा पुरुष त्या खोलीत बोलला. तो सांगतो, मी मागं वळून पाहिलं.

पुढं सराव करून तो आवाज पक्का झाला. आता तो विमा विकतो, फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं सहा फुटी माणूस आहे. पण मामीशी बोलताना तो जुन्या आवाजात जातो. मुद्दाम नव्हे. आणि मामी तोच खरा धरते. नव्या आवाजात हाक मारली तर म्हणते, "नीट बोल की."

त्या बँकेच्या फोननंतर काही दिवसांनी माझा घसा बसला. वर्गावर ओरडून ओरडून शिक्षकांचा बसतो तसा, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. मलाही अशाच एका वाचा-उपचाराच्या दवाखान्यात जावं लागलं. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. मोतिया रंगाची कॉटनची साडी, मांडीवर वही, ओठ मिटून "म्म्म" असा गुंजारव चाललेला. आमच्या फेऱ्यांच्या वेळा जुळत गेल्या तसं बोलणं वाढलं. ती पारलिंगी होती. घसा एकदा पुरुषाचा घडला की पुढं कितीही स्त्री-हार्मोन घेतले तरी स्वरतंतूंची जाडी उतरत नाही, हे तिनंच मला समजावलं. बाईचा पुरुष व्हायला निघालेल्याला तेवढं बरं, औषधानं काही महिन्यांत आवाज फुटतो आणि कायमचा फुटतो. तिला मात्र रोज कमवावा लागतो. सूर चढवणं सोपं, तिनं सांगितलं. पण नुसता सूर चढवला की नाटकातल्या मावशीसारखं होतं. आवाज छातीतून सोडवून तोंडाच्या पुढच्या भागात खेळवायला शिकणं अवघड. खोकला आला, ठेच लागली, अचानक हसू फुटलं की पहिला आवाज निसटतो. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्यानुसार तिनं जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र काढून घेतलं होतं. "त्यावर फोटो आहे," ती म्हणाली, "आवाज नाही."

तिची परीक्षा घ्यायची पद्धत मला फार आवडली. ती कस्टमर केअरला फोन लावायची. गॅस, वीज, कुरिअर, कुठलंही. तक्रार अशी नसायचीच. "माझा नंबर कधीचा आहे?" असलं काहीतरी विचारायचं आणि पलीकडून "मॅडम" येतं का ते बघायचं. वहीत त्याच्या खुणा केलेल्या होत्या. रस्त्यावर लोक आधी बघतात आणि मग ऐकतात, त्यामुळे तिथला निकाल ती धरत नसे. मी तिला माझा बँकेचा किस्सा सांगितला. ती एवढी हसली की जुना आवाज निसटला, आणि त्यावर आणखी हसली. "दाखवा की तो मॅडमचा आवाज," म्हणाली. मी दाखवला. तिनं परीक्षकासारखी मान हलवली: "शेवटचा 'ना' जरा जास्त झाला."

मी उत्साहात तिला बालगंधर्वांचं सांगितलं, आबांचं सांगितलं, ऐकणाऱ्यानं ठरवलं की बाई ऐकू येते वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांना पडदा पडल्यावर धोतर नेसून घरी जाता येत होतं, ताई," ती म्हणाली. मग तिच्या आईबद्दल बोलली. आई बाजारात कांदे विकायची. आवाज फाटका, ट्रकवाल्यांना असा दम द्यायची की शेजारचे तागडी धरून बघत राहायचे. तिला जन्मात कुणी "दादा" म्हणालं नाही. मी म्हणाले, मग तोच आवाज घ्या की. इथं हे बातम्या वाचणाऱ्या बाईसारखं गोड कशाला शिकताय? आईचा तर तुमच्या घशाला जवळचा पडेल.

"तसला आवाज मला परवडत नाही," ती म्हणाली. "आई बाई आहे हे सगळ्या बाजाराला आधीच ठाऊक होतं, म्हणून तिला ओरडता येत होतं. मी ओरडले की लगेच 'बघा, शेवटी पुरुषच' होतं. मला रिक्षावाल्याशीसुद्धा गोडच बोलावं लागतं. भांडण झालं तर हळू आवाजात भांडावं लागतं. तुम्हाला 'सर' म्हटलं तर तुम्ही घरी जाऊन गंमत सांगता. मी घर शोधते तेव्हा फोनवर एक 'सर' आला तरी खोली गेली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती भाडं आणि डिपॉझिट सांगावं तशी सांगत होती. खऱ्या बायकांनीसुद्धा जी परीक्षा कधी दिलेली नाही, ती पैकीच्या पैकी मार्कांनी पास व्हायची, आणि मग रोज पुन्हा द्यायची. मला माझ्या प्लंबरच्या युक्त्या आठवल्या आणि मी त्या सांगितल्या नाहीत.

"पण कायम नाही हां असं," ती वही पिशवीत टाकत म्हणाली. "एकदा स्वतःची खोली होऊ दे. ॲग्रीमेंटवर सही झाली, किल्ली हातात पडली, की पहिल्या दिवशी आमच्या आत्ताच्या घरमालकाला फोन लावणार आणि आईच्या आवाजात झापणार. शब्दसुद्धा ठरवून ठेवलेत." कुठले, असं मी विचारलं. तिनं रिसेप्शनवरच्या मुलीकडं एक नजर टाकली, माझ्या कानाशी वाकली आणि सगळे ऐकवले. इथं लिहिता येण्यासारखा त्यातला एकही नाही.